बिनमिठाची बशी

अथेन्सहून आलेला माणूस व्होलोसमध्ये लगेच ओळखू येतो. खानावळीत बसल्याबसल्या तो मेन्यू मागतो. मग कुणीतरी त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, खायला काय हवं ते इथे आपण सांगायचं नसतं. आपण त्सिपुरोची, म्हणजे इथल्या द्राक्षाच्या दारूची, छोटी बाटली सांगायची, बडीशेपेची की साधी तेवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. बाटलीबरोबर खायची बशी येतेच, आणि तिच्यात काय असेल ते स्वयंपाकघर ठरवतं. दुसऱ्या फेरीला दुसरी बशी, तिसरीला तिसरी. माणसं घरोब्याची असली तर बश्या चढत्या भाजणीने चांगल्या होत जातात, आणि नावडतं गिऱ्हाईक ऑलिव्ह आणि काकडी खाऊन घरी जातं. तोंडाने कुणी कुणाला काही बोलत नाही. आपली किंमत काय ते बशीवरून कळतं. म्हणूनच त्या शनिवारी दुपारी पोलिक्सेनी जेवायला नव्हे, बशी बघायला निघाली होती.

तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. असिमिनाने आपल्याला का टाकलं?

शाळेपासूनची मैत्रीण. शनिवारी दुपारी बंदराजवळ चौघांचं टेबल ठरलेलं असायचं. बटणं-दोऱ्यांचं दुकान चालवणारी पोलिक्सेनी, औषधांच्या दुकानातली रूला, बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला स्टाथिस आणि बंदराच्या कचेरीतली असिमिना. बशी आली की खेळ सुरू व्हायचा, यात काय काय घातलंय ते ओळखा. बाकीचे अंदाजपंचे बोलायचे. असिमिना मात्र डोळे मिटून एक घास घ्यायची आणि सांगायची, "दालचिनी आहे, पण पूड नाही, काडी टाकून काढून घेतलीय." स्वयंपाकी बाहेर येऊन टोपी काढायचे तिच्यापुढे. आणि एका हिवाळ्यानंतर ती यायची बंद झाली. भांडण नाही, तंटा नाही. फोन केला तर "कामात आहे गं, पुढच्या शनिवारी बघू." रस्त्यात भेटली तरी तेच. तो पुढचा शनिवार काही तीन वर्षांत उगवला नाही.

या तीन वर्षांत पोलिक्सेनीने डोक्याचा भुगा करून घेतला होता. असिमिनाच्या आईच्या वर्षश्राद्धाला आपण उशिरा पोचलो म्हणून असेल का? की तिच्या हिरव्या ब्लाउजला पडदा म्हणालो म्हणून? सरळ जाऊन विचारावं तर अभिमान आड यायचा. मी का विचारू, गेली ती. असं म्हणायचं आणि रात्री कुशीवर वळून पुन्हा तोच हिशेब मांडायचा. खरं सांगायचं तर तिला असिमिनाची फार आठवण यायची आणि त्या आठवणीचाच तिला राग यायचा.

मग रूलाने बातमी आणली. असिमिना गावातल्याच नेआ इओनिया भागात भावाच्या खानावळीत स्वयंपाक करते. कचेरी सोडली म्हणे.

"आता कशाला विचारायला हवं?" रूला म्हणाली. "जाऊन बसायचं. काय वाढते ते बघायचं. बशी खोटं बोलत नाही."

"आणि ऑलिव्हच वाढले तर?" पोलिक्सेनीने विचारलं.

"तर ऑलिव्ह खायचे नि उठायचं," स्टाथिस म्हणाला. "मला भूक लागलीय. तुमचा तपास चालू दे, मी जेवेन."

असे ते तिघं तिथे येऊन बसले. असिमिनाचा थोरला भाऊ पांदेलीस, ज्याला सगळा मोहल्ला आदराने किर पांदेलीस म्हणतो, तो खांद्यावर फडकं टाकून आला आणि त्यांना बघून जागीच थबकला. मग स्वच्छ असलेलं टेबल त्याने पुन्हा एकदा पुसलं.

"बरेच दिवसांनी," तो म्हणाला.

"तुम्ही कसे आहात, किर पांदेलीस? आणि मार्गोवहिनी?"

"मार्गो लारिसाला गेलीय सकाळपासून. बहीण बाळंत झाली तिची. एकटाच धावतोय मी." त्याने स्वयंपाकघराच्या पडद्याकडे चोरून पाहिलं. "बडीशेपेची की साधी?"

"साधी. तीन," स्टाथिस म्हणाला.

पांदेलीस आत गेला. आत कढईवर उलथनं वाजत होतं, ते थांबलं. पोलिक्सेनीने मान ताणून ऐकलं. मग उलथनं पुन्हा वाजायला लागलं, पण मघापेक्षा जोरात.

"कळलं तिला," रूला कुजबुजली.

पहिली बशी आली. ऑलिव्ह, आणि पिलिओच्या डोंगरावर पिस्त्याच्या कोवळ्या डहाळ्यांचं घालतात ते लोणचं.

"परक्याची बशी," रूलाने निकाल दिला.

"पहिली बशी सगळ्यांना हीच असते," स्टाथिस तोंड चालवत म्हणाला. "ते बघ, शेजारीही तीच आहे."

"तू शेजारी बघू नकोस, आपल्या पुढ्यात बघ."

दुसऱ्या फेरीला पिवळ्या डाळीचा घट्ट गोळा आला, वर ऑलिव्हचं तेल आणि चिरलेला कांदा. दिसायला देखणा. पोलिक्सेनीने पावाच्या तुकड्याने थोडा उचलून तोंडात टाकला आणि ती चावायची थांबली. तिने रूलाकडे पाहिलं. रूलाही थांबली होती.

"मीठ नाही," रूला म्हणाली.

"कमी असेल."

"कमी नाही, नाहीच. कणभर नाही."

"विसरली असेल बिचारी," स्टाथिस म्हणाला आणि त्याने मिठाच्या डबीकडे हात नेला.

रूलाने तो फटकन बाजूला केला. "असिमिना? मीठ विसरेल? अरे, जी नुसत्या वासावरून सांगायची की तमालपत्राचं पान जुनं आहे, ती? आणि तू वरून मीठ घालून सगळं पुसून टाकायला निघालास! तिला जे सांगायचंय ते तसंच राहू दे की बशीत."

"काय सांगायचंय?"

"ज्यांच्याबरोबर आपण भाकरी आणि मीठ खाल्लं, ती आपली माणसं. असंच म्हणतो ना आपण? मग बिनमिठाचं वाढायचं म्हणजे काय? आता याहून स्पष्ट काय करायचं तिने, बंदरावरचा भोंगा वाजवायचा?"

तोंडातला घास पोलिक्सेनीने त्सिपुरोने खाली ढकलला. इतक्या वर्षांची मैत्री, आणि वाढलं काय तर अळणी डाळ. निदान ऑलिव्हवर ठेवलं असतं तरी बरं होतं.

"मी निघते," ती म्हणाली.

"बस खाली," रूला म्हणाली. "अजून एक फेरी. निकाल पुरता लागू दे."

रूलाला दुसऱ्याच्या भानगडीत एवढा रस होता, की तिने औषधाच्या दुकानाऐवजी कोर्टात बसायला हवं होतं. पण खरं बघता पोलिक्सेनीलाही उठवत नव्हतं. पुढे काय येतंय ते बघितल्याशिवाय घरी जाऊन तिला झोप आली नसती.

तिसऱ्या फेरीला पालकात शिजवलेलं माकूळ आलं. स्टाथिसने मोठा घास घेतला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. "पाणी," तो म्हणाला. "पाणी दे."

माकूळ खारट होतं. खारट म्हणजे समुद्राचं पाणी आटवून त्यात शिजवल्यासारखं.

"आता?" पोलिक्सेनीने विचारलं. "आता काय म्हणणं आहे तिचं?"

रूला हार मानणाऱ्यांतली नव्हे. "जखमेवर मीठ चोळतेय. आधी सांगितलं, तुमच्यात नि माझ्यात मीठ उरलेलं नाही. आता म्हणते, हे घ्या, झोंबू दे."

"पण मी तिला काय केलंय गं?"

"ते तुलाच ठाऊक. आठव जरा."

"त्या ब्लाउजला पडदा म्हणाले होते मी."

"ब्लाउजवरून एवढं माकूळ कुणी वाया घालवत नाही," स्टाथिस म्हणाला. त्याने पाणी पिऊन पुन्हा काटा उचलला होता. "आणि ऐका जरा. तिकडे रेल्वेतले ते दोघे म्हातारे बसलेत ना, त्यांनीही मघाशी बशी परत पाठवली. किर पांदेलीसशी हुज्जत चालली होती त्यांची."

"त्यांचं त्यांच्यापाशी! आपण आपलं बोलतोय."

"मी आपलं सांगितलं."

पांदेलीस बश्या उचलायला आला. अर्धं उरलेलं माकूळ बघून त्याचा चेहरा पडला. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पडद्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"आणखी एक फेरी?" त्याने विचारलं. आवाजात आर्जव होतं, जणू ते उठून गेले तर त्यालाच आत जाऊन जाब द्यावा लागणार होता.

"आणा," पोलिक्सेनी म्हणाली.

चौथी बशी आली तेव्हा तिघंही आधी नुसतीच बघत राहिली. टोमॅटोच्या रश्श्यात कोळंबी. हाताच्या तळव्याएवढी एकेक, डोक्यासकट. अशी कोळंबी आल्यागेल्याला कुणी देत नाही. आपल्या नावाच्या संताच्या सणाला घरच्यांना द्यावी, नाहीतर जिवाभावाच्या माणसाला. शेजारच्या कुठल्याच टेबलावर तसली बशी नव्हती. पोलिक्सेनीला एकदम भरून आलं.

"बघ!" ती म्हणाली. "बघितलंस? माफ केलं तिने!"

तिने रश्श्यात पाव बुडवला. रस्सा गोड होता. किंचित गोड असता तर समजलं असतं, टोमॅटोचा आंबटपणा मारायला चिमूटभर साखर सगळेच घालतात. हा तर मुरांब्यासारखा गोड होता.

रूलाने चमचाभर चाखला. "कोळंबी म्हणजे मान," ती सावकाश म्हणाली. "पण गोड म्हणजे... गोड म्हणजे काय?"

"गोड म्हणजे गोड," स्टाथिस म्हणाला. त्याने एक कोळंबी सोलून तोंडात टाकली होती. "चावली की बरी लागते."

पोलिक्सेनी उठली. कुणाला शिक्षाच करायची तर एवढी महागाची कोळंबी कशाला घालवेल कुणी? आणि लाड करायचे तर त्यात साखर कशाला ओतेल? रूलाच्या वकिलीत हे बसत नव्हतं. पोलिक्सेनीला आता राग नव्हता, भीतीही नव्हती. आत नक्की काय चाललंय ते बघितल्याशिवाय तिच्याने राहवत नव्हतं.

"कुठे निघालीस?" रूला म्हणाली. "अगं, स्वयंपाकघरात जातात का कुणी!"

जात नाहीत हे पोलिक्सेनीलाही माहीत होतं. व्होलोसमध्ये गिऱ्हाईक आत शिरलं म्हणजे त्याने स्वयंपाकाला नावं ठेवली. तरी तिने पडदा बाजूला सारला.

असिमिना पाठमोरी उभी होती. तिचे केस पांढरे झाले होते आणि रुमालातून बाहेर आलेले होते. शेगडीवर मोठं पातेलं रटरटत होतं. एका हाताच्या मुठीत मीठ धरून ती पातेल्याकडे बघत होती. हात पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"मार्गो, आलीस का गं?" तिने मागे न बघताच विचारलं. "बरं झालं. जरा चाखून बघ, यात मी मीठ घातलंय की नाही?"

ओट्यावरचा चमचा उचलून पोलिक्सेनीने पातेल्यातून थोडं घेतलं, फुंकर घातली आणि चाखलं. शिंपल्यांचा भात होता.

"नाही घातलंस," ती म्हणाली.

असिमिनाची मूठ उघडली आणि मीठ जमिनीवर सांडलं. ती वळली.

"तू कशाला आलीस आत?" असिमिना म्हणाली.

"तुला स्वतःला चाखून बघता येत नाही?"

असिमिना फडक्याला हात पुसत राहिली. आणि पोलिक्सेनीला कळलं. डाळ, माकूळ, कोळंबी, सगळं एकदम कळलं. ती बटाट्याच्या पोत्यावर बसली.

"कधीपासून?"

"तो ताप आला होता ना हिवाळ्यात. ताप उतरला, पण वासही गेला आणि चवही गेली. डॉक्टर म्हणतात, येईल परत. मग म्हणतात, नाहीही येणार. साखर तोंडात घाल नाहीतर वाळू घाल, मला सारखीच. इथे मार्गो चाखते, मी रांधते. हाताला सगळं पाठ आहे अजून. आज ती नाही, आणि दादाच्या जिभेचं काही सांगू नकोस, सिगारेटी ओढून तिचा कोळसा झालाय. तुम्ही आलात म्हणाला आणि माझं भानच गेलं. काय घातलं, किती घातलं, दोनदा घातलं का..." ती थांबली. "खूप वाईट झालं का गं?"

"डाळ अळणी. माकूळ खारट. कोळंबी गोड."

"गोड?" असिमिनाने फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं. "मेल्या डब्यांच्या जागा बदलल्यात मार्गोने."

पोलिक्सेनीला हसू आलं आणि त्या हसण्याआडून संताप उसळला. "तीन वर्षं, असिमिना! तीन वर्षं मी विचार करतेय की मी काय केलं! तुझ्या त्या ब्लाउजसाठी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावलीय! तोंड नव्हतं तुला सांगायला?"

"काय सांगू?" असिमिनाचाही आवाज चढला. "मी आले होते की चार-पाच शनिवार, आठवतंय? तुम्ही बशी माझ्यापुढे सरकवायचात. सांग, यात काय आहे? आणि माझ्या तोंडात नुसतं काहीतरी गरम, मऊ. मी डोळे मिटून थापा मारल्या. एकदा जायफळ म्हणाले. तुम्ही तिघांनी माना डोलावल्या. हो हो, जायफळ, आता लागलं! मी जाऊन स्वयंपाक्याला विचारलं, तर त्याच्याकडे जायफळच नव्हतं."

"मला लागलं होतं जायफळ," पोलिक्सेनी म्हणाली.

"तेच तर सांगतेय. मी सांगेन ते तुम्हाला लागणार, आणि मला काहीच लागणार नाही. तसं किती दिवस बसायचं? आणि खरं सांगितलं असतं तर प्रत्येक घासाला माझ्या तोंडाकडे बघत बसला असता तुम्ही. तुम्हालाही जेवण गेलं नसतं. म्हटलं, त्यापेक्षा तुम्हाला माझा राग आलेला परवडला."

बाहेर रेल्वेतला म्हातारा चमचा आपटत होता. पांदेलीसने पडद्यातून डोकं आत घातलं, दोघींना बघितलं आणि तसंच बाहेर काढलं.

"आता तू जाऊन त्यांना सांगशील," असिमिना म्हणाली.

"तू म्हणशील तर नाही सांगणार. आज तुझी तब्येत बरी नव्हती म्हणेन."

असिमिनाने शेगडी बंद केली. मग तिने रुमालातून बाहेर आलेले केस आत खोचले आणि ती पोलिक्सेनीच्या आधी बाहेर पडली.

तिला येताना बघून रूला ताठ बसली. "आम्हाला कळलं हं, असिमिना," ती म्हणाली. "बिनमिठाचं वाढलंस, ते बरोबर कळलं."

"काय कळलं?"

"हेच, की तुझ्या मनात..."

"मला चव लागत नाही, रूला. वासही येत नाही. तीन वर्षं झाली. म्हणून येत नव्हते."

रूलाने हातातला चमचा खाली ठेवला. स्टाथिसच्या हातात शेवटची कोळंबी होती. त्याने ती हळूच बशीत ठेवली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उचलली.

"पण मला सगळं आवडलं," तो म्हणाला.

"तुला क्रेनचं तेल वाढलं तरी आवडेल," असिमिना म्हणाली. शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून ती त्यांच्यात बसली. रूलाने तिच्यासमोरची बशी घाईघाईने बाजूला केली आणि मग, असं करायला नको होतं हे लक्षात येऊन, ती पुन्हा होती तिथे आणून ठेवली.

पोलिक्सेनीने स्वतःचा छोटा पेला भरला आणि तिच्यापुढे सरकवला. असिमिनाने तो एका दमात घेतला. तिचा चेहरा आक्रसला, डोळ्यांत पाणी आलं, तिने छातीवर हात ठेवला आणि जोरात श्वास सोडला.

"जळजळ कळते," ती म्हणाली. "बाकी सगळं गेलं, पण ही अजून कळते."

"मग तीन वर्षं ही तरी घ्यायचीस की घरी," स्टाथिस म्हणाला.

"एकटीने?" असिमिना म्हणाली.